देवरहाटीत खुंट नव्हता

शांतारामच्या नातीचं बारसं झालं, ते साल २०४०. वैशाख चालू होता. बारशाला माझी मुलगी हेमांगी पुण्याहून आली आणि तिच्या मागोमाग एक टेम्पो आला. टेम्पोत माणसाच्या उंचीचे लोखंडी खुंट भरलेले होते. पाळण्यापेक्षा टेम्पोभोवती गर्दी जास्त झाली, म्हणून शांतारामची बायको शेवंती दिवसभर फुगून बसली होती.

शांताराम माझा धाकटा भाऊ. आम्ही हेदवणीचे गुरव. हेदवणी म्हणजे डोंगराच्या उतारावरची पस्तीसेक घरांची वाडी. वाडीच्या वरच्या अंगाला एक पऱ्ह्या, म्हणजे लहान ओढा, पावसाळ्यात भरून वाहणारा. पऱ्ह्याच्या पलीकडे देवरहाटी, आणि देवरहाटीत वाघजाईचं देऊळ. देवरहाटी हे देवीचं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा कोणी घरी आणत नाही. देवीची पूजा एक वर्ष मी करायची आणि एक वर्ष शांतारामने, अशी पाळी आमच्या बापाने लावून दिली होती. पाडव्याला पाळी बदलायची.

जेवणं उरकल्यावर मांडवातच गावकी बसली. आत्माराम गावकर हा आमच्या गावचा मानकरी. त्याने सुपारी कातरत विचारलं, “हेमांगी, ह्या खुंटांना बांधायचं काय? म्हशी?”

“डोंगर,” हेमांगी म्हणाली.

सगळे हसले. तीही हसली, पण मग तिने एक खुंट मांडवात आणून उभा केला. त्याच्या डोक्यावर तळहाताएवढी डबी होती. खुंट जमिनीत ठोकला, की माती किती कलली आणि आत पाणी किती मुरलं, हे ती डबी सांगणार. वरच्या सड्यापासून, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारापासून, खाली नदीपर्यंत असे खुंट लावायचे होते. डोंगराला वर एक भेग होती, ती मी लहानपणापासून बघत आलो होतो. तेव्हा आम्ही पोरं तिच्यावरून उड्या मारायचो. आदल्या पावसात तिच्यात आत्मारामची कालवड पडली आणि वर आलीच नाही. त्यामुळे गावकीने फार खळखळ केली नाही. “लावा,” म्हणाले.

एकच जागा अडली. हेमांगीला देवरहाटीत खुंट हवे होते. तिथे नाही म्हणणारा मीच होतो.

“तात्या, लोखंड जमिनीत जाणार. झाडाला लागणारसुद्धा नाही.”

“आपण तिथं कोयती नेत नाय, हेमे. सुरी नेत नाय. नारळ दगडावर फोडतो.”

“मग तिथलं मला काही कळणार नाही.”

“देवीच्या घरातलं तुला कशाला कळायला हवं?”

“बाय, खुंट ठोकलास तर देवीला गुदगुल्या होतील,” शांताराम म्हणाला. तो असंच काहीतरी बोलायचा.

“ठीक आहे. देवरहाटीचा अंदाज शेजारच्या खुंटांवरून घेऊ,” हेमांगी म्हणाली. पोरीने मोठ्या माणसाचा मान ठेवला, असं मला वाटलं. मला बरं वाटलं.

हेमांगी एका संशोधन संस्थेत गणित करायची. ती नक्की काय करते हे मला कधी कळलं नव्हतं. लग्नाच्या बाजारात कोणी विचारलं तर मी “पुण्याला असते” एवढंच सांगत असे. त्या वर्षी पूजेची पाळी माझी होती, आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी ती फुलांची परडी घेऊन माझ्याबरोबर देवळाकडे निघाली. वाडीतून वर जायला पाखाडी आहे, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची. पाखाडी संपली की लाल मातीची घसरडी वाट, आणि पुढे पऱ्ह्या ओलांडायला पाण्यात टाकलेले मोठे धोंडे.

ती म्हणाली, “डोंगराचं गणित करणारी माणसं आधीही होती, तात्या. त्यांचे दोन पंथ. एक म्हणतो, वेळ पाण्यासारखी वाहते. मग आत्ता माती किती वेगाने सरकतेय, एवढंच तो विचारतो. दुसरा म्हणतो, वेळ पायऱ्यांसारखी आहे. काल एवढं होतं, आज एवढं झालं, उद्या किती होईल. पहिल्याला मधले झटके दिसत नाहीत. दुसऱ्याला दोन पायऱ्यांच्या मध्ये काय झालं ते दिसत नाही.”

“आणि डोंगर कोणत्या पंथाचा?”

“दोन्हीकडचा. पावसात पाणी क्षणाक्षणाला मुरतं, माती मधासारखी सरकत असते. पाऊस थांबला की डोंगर गप्प. मग कधीतरी एकदम टिचभर सरकतो आणि पुन्हा गप्प. वाहण्यातून उडीत आणि उडीतून वाहण्यात जाताना तो खाली येतो. नेमकी तीच जागा दोन्ही पंथांना सापडत नाही.”

आम्ही पऱ्ह्यापाशी आलो होतो. वैशाखातलं पाणी थोडंच होतं, तरी धोंड्यांवरून जावं लागलं. मी एका धोंड्यावर उभा असताना ती म्हणाली, “आता सांगा, तुम्ही मातीच्या वाटेवर चालत होतात, तेव्हा पुढचं पाऊल ठेवायची जागा कुठे होती?”

“कुठंही. पायाखालीच.”

“आणि आता?”

“पुढच्या धोंड्यावर.”

“पण चालणारे तुम्ही एकच. मग चालायचे नियम दोन कशाला? माझं समीकरण एकच प्रश्न विचारतं. पुढची जागा किती लांब आहे? अंतर काहीच नसेल, तर ते आपोआप वाहण्याचं गणित होतं. अंतर असेल, तर उडीचं होतं. वेळ ही ह्या वाटेसारखी आहे, तात्या. कुठे सलग, कुठे धोंडे.”

मी अक्षरं शिकलो ती पन्नाशी जवळ आल्यावर, हेमांगीच्याच शाळेच्या पुस्तकांवर. तिला ते आठवत असावं. कारण पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, “तुम्ही सुरुवातीला एकेक अक्षर लावून वाचायचात. बोट ठेवून. मग एक दिवस ओळच्या ओळ सलग वाचलीत. ओळ तीच होती ना?”

हे मात्र मला पटलं. “म्हणजे डोंगराचा पुढचा धोंडा कुठं आहे, ते तू वाचणार.”

“आणि किती लांब आहे ते.”

त्या पावसाळ्यात, श्रावणाच्या तोंडावर, सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी निरोप आला. घरं सोडा. आम्ही गुरं सोडून दिली आणि खाली, उताराच्या बाजूला असलेल्या माळावरच्या शाळेत जाऊन राहिलो. पाऊस पडला आणि थांबला. डोंगर जागच्या जागी. हेमांगी भिजत वर जाऊन आली आणि भेग वीतभर रुंदावली आहे, असं तिने फळ्यावर आकृती काढून सांगितलं. तिच्या दृष्टीने गणित बरोबर आलं होतं. पण तेवढ्या दिवसांत माकडं घरांत शिरली होती. कौलं काढून त्यांनी साठवलेल्या फणसाच्या आठळ्या खाल्ल्या, आणि उघड्या छपरातून आत्मारामचं भात भिजून त्याला मोड आले.

“मॅडम, डोंगर रजेवर गेला वाटतं,” आत्माराम म्हणाला.

“पुढच्या खेपेला माकडांना पण निरोप पाठवा,” आणखी कोणीतरी म्हणालं.

हेमांगीला हे लागलं. गणपतीला ती आली नाही.

२०४१ च्या पाडव्याला पूजेची पाळी शांतारामकडे गेली. पावसाने जूनमध्येच जोर धरला आणि हेमांगी निरोप न पाठवता स्वतः आली. सरकारने तोवर माळावर पत्र्याच्या खोल्यांची एक रांग उभी केली होती. गावकीपुढे उभी राहून ती म्हणाली, “गेल्या वर्षी पुढचा धोंडा जवळ होता. डोंगर वीतभर सरकला आणि थांबला. आता अंतर फार वाढलंय. ह्या वेळी तो एकाच पावलात नदीपर्यंत येणार.”

“कधी?” आत्मारामने विचारलं.

“आषाढ संपायच्या आत. दिवस सांगता येत नाही.”

“दिवस सांगता येत नाय, आणि घर सोडा.”

“काका, मी पोलीस आणू शकते.”

“आण. आम्ही वर रानात जाऊन बसू.” तो हे रागाने बोलला नाही, सुपारी मागावी तसं बोलला. “हे बघ पोरी, तुझं खोटं हाय असं मी म्हणत नाय. पण घर सोडायचं तर देवीला विचारून सोडू. तिने सांगितलं तर आज निघू.”

गावकीने माना डोलावल्या. कौल लावायचं ठरलं.

कौल म्हणजे काय, ते सांगतो. फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणाला चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीसमोर प्रश्न मांडायचा, आणि सगळ्यांनी “व्हय महाराजा” म्हणायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पूजेची पाळी कोणाचीही असो, कौल थोरल्या भावाने लावायचा. आणि एकदा लावला की पडेपर्यंत उठायचं नाही, हा दुसरा नियम.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात कळ्या निवडत बसलो होतो. हेमांगी चहाचा कप घेऊन शेजारी बसली.

“कळी ओली असते म्हणून चिकटते,” ती म्हणाली. “पाणी सुकत जातं, ते सलग. मग कळी सुटते, ती एकदम. तात्या, हे माझंच समीकरण आहे.”

“असेल.”

“उजवीला पाणी कमी लावलंत, तर ती आधी सुटेल.”

“माहीत हाय. माझ्या आजोबांनासुद्धा माहीत होतं.”

“मग?”

“मग काय? तसं करायचं नसतं. तेवढ्यासाठीच तर गुरव ठेवलाय.”

“पस्तीस घरं आहेत. शेवंतीकाकीच्या घरात वर्षाचं पोर आहे.”

मी कळ्या निवडत राहिलो. चहा अर्धा टाकून ती आत गेली. माझी मुलगी लहानपणीसुद्धा रडायची नाही, फक्त ताट अर्धं टाकून उठायची.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. कळ्यांना हात लावणार नव्हतो. पण कळ्या कशा लावायच्या एवढंच गुरवाच्या हातात नसतं. गाऱ्हाणं कसं घालायचं, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, हेही गुरवाचंच असतं. त्यात आजवर कोणी हात घातलेला नाही.

सकाळी सगळी वाडी देवळात जमली. मी कळ्या भिजवल्या, दोन्ही सारख्या, आणि चिकटवल्या. मग म्हणालो, “आई वाघजाई, तुझी लेकरं डोंगराला भिऊन खाली माळावर उतरतायत. तू त्यांच्याबरोबर खाली येणार असशील, तर उजवी दे. तुला तुझ्या जागेवरच राहायचं असेल, तर डावी दे.”

“व्हय महाराजा,” सगळे सवयीने म्हणाले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. उजवी पडो की डावी, वाडी खाली जाणारच होती. कोणीतरी खोकलं. आत्माराम माझ्याकडे बघत राहिला.

“गुरवदादा,” तो हलकेच म्हणाला, “आम्ही जायचं की नाय, हे तू विचारलंसच नाय.”

“काय विचारायचं ते गुरवाने ठरवायचं असतं.”

त्याने नाकातून हवा सोडली. तो हसला की काय ते मला कळलं नाही, पण तो उठला नाही. गाऱ्हाणं घातल्यावर त्यात बदल करता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. आणि मला वाटतं, त्यालाही खाली जायला काहीतरी कारण हवंच होतं.

डावी पडली. देवी राहणार होती आणि आम्ही जाणार होतो. लोक भांडीकुंडी आवरायला पांगले. हेमांगीने माझा दंड घट्ट धरला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, हे खरं आहे.

शांताराम पाषाणासमोरचं पाणी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, “म्हणजे मला रोज वर यायला लागणार.”

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. हेमांगीच्या नाही आणि माझ्याही नाही. देवी खाली आली असती तर पाटावर बसवून आणली असती, माळावर पूजा झाली असती. ती वर राहिली, म्हणजे तिथला दिवा, पाणी आणि फूल रोज व्हायलाच हवं. त्यात खंड पडून चालत नाही.

“ह्या महिन्याची पाळी मी घेतो,” मी म्हणालो.

“तुझे गुडघे पाखाडी बघूनच दुखायला लागतात, दादा. पाळी माझी हाय. पुढच्या पाडव्याला तू घे.”

माळावरच्या पत्र्याच्या खोलीत हेमांगीने आपला पडदा मांडला. त्यावर आमचा सगळा उतार रंगांत दिसायचा. तिने ते समीकरण आता उलटं लावलं. डोंगर कधी हलेल, हे विचारायच्या ऐवजी तो कधी हलणार नाही, हे विचारायला सुरुवात केली. उत्तर आलं ते पऱ्ह्यावरच्या वाटेसारखंच. कधी सलग तुकडा, पहाटेपासून दुपारपर्यंत खुशाल जा. कधी एकच धोंडा, वर जाऊन दिवा लावून परत येण्यापुरता. तिने शांतारामला एक चकती दिली. वेळ बरी असली की तिच्यात हिरवा दिवा लागायचा, नसली की लाल. त्याने ती गळ्यातल्या रुद्राक्षाशेजारी बांधली.

“वाघजाईला पण सांग गो, तिच्या पूजेची वेळ आता पुण्याहून येते,” तो म्हणायचा.

वर पोचला की फोन, दिवा लावला की फोन, निघाला की फोन. हेमांगी तो परत येईपर्यंत जेवायची नाही. पडद्यावर त्याच्या चकतीचा ठिपका पाखाडीवरून खाली सरकत असायचा, आणि ती त्याच्यावरून नजर काढायची नाही. लहानपणी ती काकाच्या खांद्यावरून उतरायची नाही. मधली वर्षं पुण्यात गेली. आता पुन्हा दोघांचं तसंच झालं होतं, फक्त भार उलटा होता.

“माझ्या नवऱ्याला जेवायला कधी वाढायचं, ते पुतणी ठरवते,” शेवंती कुरकुरायची.

आषाढाच्या उत्तरार्धात पाऊस थांबेना. चकतीतला दिवा लाल झाला तो लालच राहिला. दोन दिवस देवीसमोर अंधार होता. शांताराम त्या दोन दिवसांत कोणाशी बोलला नाही. हेमांगीने ताट वाढून नेलं, ते त्याने घेतलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. ती बाहेर येऊन मला म्हणाली, “मी काकांना पाठवलं आणि काही झालं तर? नाही पाठवलं, तर हे असं. तात्या, मी गणित शिकले ते ह्यासाठी नव्हतं.” तिचे डोळे खोल गेले होते. शांताराम आत बसून हे ऐकत होता. पत्र्याच्या भिंतीतून सगळंच ऐकू येतं.

मंगळवारी सकाळी दिवा हिरवा झाला. मंगळवार हा देवीचा वार. तुकडा लहान होता, जाऊन येण्यापुरता. शांतारामची नात त्याच आठवड्यात चालायला लागली होती. तिला दोन्ही हात धरून त्याने खोलीच्या दारापर्यंत चालवत आणलं, शेवंतीकडे दिलं, आणि छत्री घेऊन गेला.

वर पोचल्याचा फोन आला. दिवा लावल्याचा आला. निघाल्याचा येईना. हेमांगीने लावला आणि आवाज मोठा केला.

“काका, निघालात ना?”

“बसलोय.”

“कुठे बसलाय?”

“देवीसमोर. कौल लावलाय.”

हेमांगीने माझ्याकडे बघितलं. “कसला कौल?”

“खाली येतेस का म्हणून. तेव्हा नको म्हणालीस, पण आता चल म्हटलं. रोज रोज पोरीच्या जिवाला घोर नको.”

“काका, चकती लाल झाली की नाही?”

“झालीय. पण कळी सुटत नाय गो. हवा ओली हाय, सुकतच नाय.” त्याच्या आवाजात घाई नव्हती. गाडीची वाट बघत बसलेला माणूस बोलतो, तसा बोलत होता.

तिने फोन माझ्यापुढे धरला. “तात्या, तुम्ही सांगा. माझं ऐकणार नाहीत.”

“शांताराम, ऊठ.”

“कौल लावून उठायचं नसतं, दादा. तूच शिकवलंस.”

मी फोनवर हात ठेवला. “तो तिथंच बसून राहिला तर?” हेमांगीने पडद्याकडे बघितलं. देवळाची जागा गडद लाल होती, आजूबाजूच्या उतारासारखीच. वाट त्यापेक्षा थोडी फिकट होती. “तिथे राहणं जास्त वाईट,” ती म्हणाली. “आत्ता निघाले तर पोचतील. पण आत्ता.”

मग मी फोनवरच गाऱ्हाणं घातलं. असं पूर्वी कोणी केलं असेल, असं मला वाटत नाही. “आई वाघजाई, कौल थोरल्याने लावायचा असतो. हा धाकट्याने लावला. थोरला म्हणून मी तो मोडतो. त्याला उठव. दोष माझा.”

पलीकडे नुसता पाऊस ऐकू येत होता. थोड्या वेळाने शांताराम म्हणाला, “व्हय महाराजा.” छत्री उघडल्याचा आवाज आला. “येतो. शेवंतीला चहा ठेवायला सांग.”

ठिपका देवरहाटीतून बाहेर पडला, पऱ्ह्यापाशी थांबला, पऱ्ह्या ओलांडला, आणि पाखाडीला लागला. हेमांगी पुटपुटत होती, “या, या, या.” शेवंतीने चहाचं आधण ठेवलं होतं.

आवाज आधी आला नाही. मी दारातून वर बघत होतो. वाडीच्या वरची झाडं उभीच्या उभी खाली निघाली, मिरवणूक निघावी तशी. मग आवाज आला. वाडी, पाखाडी आणि वाट एकदम नदीपर्यंत आली. एकाच पावलात, हेमांगी म्हणाली होती तसं. माझं घर गेलं, शांतारामचं गेलं, आत्मारामचं गेलं. सगळी रिकामी होती. वाडीतली सगळी माणसं माळावर माझ्या मागे उभी होती. पडद्यावरचा ठिपका होता तिथेच राहिला. थोड्या वेळाने तो गेला.

शांताराम तिसऱ्या दिवशी सापडला. पाखाडीच्या दगडांत.

पाऊस ओसरल्यावर मी आणि हेमांगी पलीकडच्या सड्यावरून फिरून वर गेलो. माझ्याच्याने चालवत नव्हतं, आत्मारामने हात दिला. देवरहाटी जशीच्या तशी होती. झाड पडलं नव्हतं. देवळाचं एक कौल सरकलं नव्हतं. डोंगर जिथून तुटला तिथे कड उघडी पडली होती, आणि तिच्यात दिसत होतं, की सगळ्या देवरहाटीखाली एकच अखंड कातळ आहे. माती होती ती वीतभर. तिथे एक खुंट जरी ठोकला असता तरी तो आत गेला नसता, आणि तेवढ्यानेच सगळं कळलं असतं.

हेमांगी त्या कातळाकडे बराच वेळ बघत होती. “इथलं माझ्याकडे काहीच नव्हतं, तात्या,” ती म्हणाली. “शेजारच्या खुंटांवरून घेतलं होतं.”

“मी नको म्हटलं होतं.”

“मी ऐकलं होतं.”

त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. देवळात दिव्यातलं तेल संपलं होतं. पाषाणाच्या पायाशी दोन्ही कळ्या पडलेल्या होत्या. आधी कोणती पडली, हे बघायला तिथे कोणी नव्हतं.

आता हेदवणी माळावर आहे. देवी वरच आहे, आणि पाळी दरवर्षी माझीच. सड्यावरून नवी वाट पाडली आहे, शेवंतीचा मुलगा मला धरून नेतो. पुढच्या वैशाखात देवरहाटीत खुंट लावले. कातळाला आधी भोक पाडावं लागलं. हेमांगीने विचारलं नव्हतं, मीच बोलावून घेतलं. पहिला खुंट मी धरला आणि आत्मारामने घण घातला. हेमांगीचं गणित आता इतर डोंगरांवरही चालतं, आणि खुंट नसलेल्या जागेला ती रंग देत नाही. ती जागा पडद्यावर पांढरी ठेवते. लोक विचारतात, इथे काय आहे. ती सांगते, माहीत नाही.

त्या दरडीत हेदवणीचं दुसरं कोणी गेलं नाही. माझा धाकटा भाऊ शांताराम बाळू गुरव मंगळवार, २३ जुलै २०४१ रोजी सकाळी पाखाडी उतरताना वारला.